सर, विषय मी निवडू?

साहित्याच्या वर्गातलं सादरीकरण गुणांपुरतं उरलं, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ज्या वर्गांत विषय निवडण्याचं काम विद्यार्थ्यांकडे आलं, तिथे काय घडतं आहे?

सत्र सुरू होऊन महिना उलटला की महाविद्यालयांच्या मराठी विभागांत एक यादी लागते. डाव्या रकान्यात रोल नंबर, उजव्या रकान्यात विषय. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’, ‘दलित आत्मकथनांतील वेदना आणि विद्रोह’, ‘मर्ढेकरांची नवकविता’, ‘संत जनाबाईंची भक्ती’. मुलं मोबाइलवर यादीचा फोटो काढतात, आपल्या नंबरापुढे काय आलं ते बघतात आणि पांगतात. पुढे इंटर्नलच्या आठवड्यात एकेक जण उठतो, लेखकाचा जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा आणि पुरस्कार वाचून दाखवतो, ‘धन्यवाद’ म्हणतो आणि बसतो. शिक्षक गुण मांडतात. पुढचा नंबर.

या विषयांत वाईट काही नाही. त्यांतल्या प्रत्येकावर आयुष्य घालवलेले अभ्यासक आपल्याकडे आहेत. पण रोल नंबर २३ च्या मुलीने जनाबाई मागितली नव्हती आणि २४ च्या मुलाने मर्ढेकर मागितले नव्हते. नंबर बदलले असते तर सादरीकरणंही बदलली असती, आणि कोणाला काही फरक पडला नसता.

काही विभागांनी मात्र उजवा रकाना कोरा ठेवायला सुरुवात केली आहे. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात, पुण्या-मुंबईत असे वर्ग मी मागच्या बाकावर बसून ऐकले, शिक्षकांशी आणि मुलांशी बोललो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. विषय निवडणं ही सादरीकरणाआधीची किरकोळ तयारी नाही. साहित्याच्या अभ्यासातलं ते पहिलं खरं काम आहे. म्हणून ते शिकवायला हवं, त्याला वेळ द्यायला हवा आणि गुणही त्याला द्यायला हवेत.

गुण कशाचे?

लेखी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांची वाटणी कुठे ७०-३० आहे, कुठे ६०-४०, काही पदव्युत्तर वर्गांत ५०-५०. अंतर्गत गुणांत चाचणी, असाइनमेंट, सेमिनार आणि सादरीकरण येतं. म्हणजे साहित्याच्या पदवीचा बराच भाग वर्गातल्या या कामावर उभा आहे. तरीही या गुणांकडे आपण ‘हातचे गुण’ म्हणूनच पाहतो.

ही सवय शाळेपासूनची. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेसाठी राज्य मंडळाने भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. त्या वेळची चर्चा आठवून बघा. निकाल किती घसरला, अकरावीच्या प्रवेशाचं काय, इतर मंडळांच्या मुलांना झुकतं माप मिळालं का, यावर रकाने भरले. त्या गुणांसाठी मुलं वर्गात काय बोलत होती, काय वाचत होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गुण आले काय आणि गेले काय, त्यांच्यामागचं काम कोणाला दिसलंच नव्हतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा जागी आणून ठेवला आहे. २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर वर्गांना लागू झालेल्या आराखड्यात संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला आता स्वतःचा विषय घेऊन उभं राहायचं आहे. ज्याला तोपर्यंत एकदाही कोणी ‘तुला काय वाचावंसं वाटतं?’ असं विचारलेलं नाही, तो तिसऱ्या सत्रात अचानक विषय आणणार कुठून? तो मागच्या वर्षीच्या प्रकल्पांच्या यादीकडेच जाणार.

नाव आणि प्रश्न

रकाना कोरा ठेवला म्हणजे काम झालं, असंही नाही. पहिल्या वर्षी तसं करून पाहिलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, “विषय तुम्ही निवडा म्हटलं, तर साठांपैकी निम्म्या मुलांनी यादीतलेच विषय परत लिहून आणले. त्यांना दुसरे माहीतच नव्हते. माझ्या लक्षात आलं की मोकळीक दिली, पण तिचं काय करायचं ते दाखवलं नाही.”

आता ते पहिला पूर्ण तास याच कामाला देतात. प्रत्येकाने एक पुस्तक आणि त्यातलं एक पान आणायचं. मग तीन प्रश्न. वाचताना कुठे थांबलास? ते मला पुस्तकात बोट ठेवून दाखवशील? आणि तुझं म्हणणं चूक ठरायचं असेल, तर पुस्तकात काय सापडावं लागेल? तिसऱ्या प्रश्नाला पहिल्यांदा वर्ग गप्प होतो. पण विषयाचा प्रश्न तिथेच होतो.

पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या, बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाने लिहून आणलं होतं, ‘कोसला : एक अभ्यास’. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. तिच्यावर लिहिलेलं साहित्य कपाटभर आहे. मॅडमनी विचारलं, “अरे, पण तू कुठे थांबलास?” तो म्हणाला, “मेसच्या भागाशी.” पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाची मेस चालवायला घेतो आणि गोत्यात येतो, तो भाग. हा मुलगा स्वतः चौघा मित्रांच्या डब्याचा हिशेब ठेवत होता. मॅडम म्हणाल्या, “मग तेवढंच घे. पैसे कुठेकुठे येतात ते सगळं काढ.” त्याने कादंबरीत पैशाचा उल्लेख जिथे जिथे आला ती सगळी पानं काढली आणि बाप-लेकाचं नातं त्या उल्लेखांतून कसं वाकत जातं ते मांडलं. अस्तित्ववादाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पण पांडुरंग गावी परततो त्याचा अर्थ त्याने हिशेबाच्या बाजूने लावला, आणि वर्गात प्रश्नांना हात वर झाले.

दुसरी मुलगी ‘शेतकरी आत्महत्या आणि मराठी साहित्य’ असा विषय घेऊन आली. दहा मिनिटांत तो मावणारा नव्हता. दोन आठवड्यांत तो सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत आला. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी तिने नीट वाचली आणि तिचा प्रश्न ठरला : एकनाथचं शिक्षण त्या घरात नेमकं कोणाला हवं होतं? आईला, बापाला, बायकोला, की त्याला स्वतःला? प्रत्येक पात्राला त्या पदवीकडून काय हवं आहे, एवढंच तिने तपासलं. मोठा विषय सोडला म्हणून तिची तळमळ कमी झाली नाही. तळमळीला पुस्तकातली ओळ दाखवता यायला लागली.

विषयाला कुंपण असावं, हे जगात इतरत्रही लोकांनी अनुभवातून ओळखलं आहे. मुंबई-पुण्यातल्या काही शाळांतही शिकवल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या साहित्य अभ्यासक्रमात पूर्वी दहा-पंधरा मिनिटांचं सादरीकरण असे आणि विषय बराचसा विद्यार्थ्यावर सोपवलेला असे. २०२१ मध्ये जिची पहिली परीक्षा झाली त्या नव्या रचनेत दोन साहित्यकृती, त्यांतले सुमारे चाळीस ओळींचे दोन उतारे आणि त्यांना जोडणारा एक जागतिक प्रश्न अशी चौकट आली. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि हातात जास्तीत जास्त दहा मुद्द्यांचा कागद. निवड मुलाचीच राहिली, पण बोट ठेवायला उतारा आला. फ्रान्समध्ये अकरावीच्या फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत २० पैकी ८ गुण विद्यार्थ्याने निवडलेल्या एका पुस्तकावरच्या बोलण्याला आहेत. वर्गात वाचलेल्या किंवा शिक्षकांनी सुचवलेल्या पुस्तकांतून तो एक उचलतो आणि हेच का, ते परीक्षकाला सांगतो. निवडीचं समर्थन हा तिथे परीक्षेचाच भाग आहे.

अभ्यासक्रमाबाहेरचं, घराच्या आतलं

निवड मोकळी झाली की वर्गात कोणतं साहित्य येतं? पुस्तकांच्या दुकानात नसलेलं बरंच येतं.

मावळातल्या एका मुलीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. सुरुवातीला तिला हा ‘साहित्याचा विषय’ वाटतच नव्हता. शिक्षकांनी तिला गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाची ओळख करून दिली. हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून त्यांच्या गटाने एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. मुलीने आजीच्या ओव्या तिथल्या ओव्यांशेजारी ठेवल्या. भावाविषयीच्या ओव्या दोन्हीकडे भरपूर होत्या, सासूविषयीच्या आजीकडे मोजक्याच. ती आजीला विचारायला गेली. आजी म्हणाली, “अगं, सासू शेजारीच बसून दळायची. तिच्या तोंडावर कशी म्हणणार?” दळताना जोडीला कोण बसलं आहे यावर ओवी ठरते, हे त्या मुलीने वर्गासमोर मांडलं. ते तिचं स्वतःचं निरीक्षण होतं, आणि ते तिला घरात सापडलं.

गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, जागी होते. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं केंद्र. गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, हजारो माणसं तिकीट काढून बघतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे वळून पाहिलं. पण त्या भागातल्या मराठीच्या वर्गात नाटक म्हणजे मुंबई-पुण्याचंच नाटक, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. विषय निवडायची मुभा मिळाल्यावर एका मुलाने आपल्या गावातल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री झालेलं नाटक घेतलं. प्रयोगाची संहिता आणि प्रत्यक्ष प्रयोग यांतला फरक त्याने टिपला होता : कुठे गाणं वाढलं, कुठे विनोदी नटाने प्रेक्षकांकडून शब्द उचलला, पहाटे लोक पेंगायला लागल्यावर कोणता प्रवेश पुढे आणला. हे कोणत्याही संदर्भग्रंथात मिळालं नसतं. त्या गावात त्या रात्री जागलेला मुलगाच ते सांगू शकत होता.

असे विषय येतात तेव्हा बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवावी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आणखी एका आप्ताने टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या आग्रहानंतर, ती गाणी पुस्तकरूपाने आली. घरातल्या कोणाला तरी ते साहित्य वाटलं म्हणून ते आज अभ्यासक्रमात आहे.

“तुझ्या समाजाचं घे ना”

निवडीच्या मोकळेपणात एक काटा आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

भटक्या जमातीतल्या एका मुलाने मला सांगितलं, “विषय विचारला की सर आधी माझ्याकडे बघतात. ‘तू “उपरा” घे, नाहीतर “उचल्या” घे. तुला आतलं माहीत असणार.’ सरांचा हेतू चांगलाच असतो. पण मला जी.ए. कुलकर्णी आवडतात. मी जी.ए. वाचतो यात कोणाला नवल का वाटावं?”

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ चं. मराठी साहित्याचा नकाशा बदलणारी ही पुस्तकं आहेत आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावीत. पण आडनाव पाहून पुस्तक हातात देणं म्हणजे पुन्हा यादी लावणंच झालं. फक्त रोल नंबराच्या जागी जात आली. वर्गासमोर उभं राहून आपल्या समाजाच्या दुःखाचा साक्षीदार व्हायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या मुलाचा आहे. काहींना तेच करायचं असतं आणि ते फार ताकदीने करतात. काहींना ते नको असतं. दोन्ही निवडींना वर्गात सारखीच प्रतिष्ठा हवी.

याची दुसरी बाजूही मी पाहिली. साताऱ्याकडच्या एका मराठा कुटुंबातल्या मुलीने बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ निवडलं. फलटणला राहणाऱ्या बेबीताईंनी हे लेखन घरच्यांपासून लपवून केलं, मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते ‘स्त्री’ मासिकात आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. मुलीचा प्रश्न होता : या पुस्तकातल्या वाड्यावरच्या बायका कशा दिसतात? स्वतःच्या आजी-पणजीच्या घराला ती दुसऱ्या अंगणातून पाहत होती. प्रश्नोत्तरांत वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “हे वाचून घरी काही बोललीस का?” ती म्हणाली, “बोलले. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर तिनेच पुस्तक मागून घेतलं.” हा विषय कोणी वाटून दिला असता तर तो शिक्षेसारखा वाटला असता. तिने तो स्वतः उचलला होता, म्हणून त्याचं ओझंही तिने पेललं.

बोलायचं कोणत्या मराठीत?

विषय स्वतःचा असला तरी भाषा उसनी घ्यावी लागली तर निम्मी निवड वाया जाते. अहिराणी बोलणारी मुलगी ‘प्रस्तुत कादंबरीमध्ये लेखकाने’ असं सुरू करते आणि दुसऱ्या वाक्याला अडखळते. तिच्या अडखळण्याचे गुण कापले जातात आणि विचार ऐकायचा राहतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडी आपण वर्गात वाखाणतो, कौतिकच्या तोंडची बोली किती जिवंत आहे हे शिकवतो. त्याच वर्गातली मुलगी वऱ्हाडीत बोलली की मात्र ‘शुद्ध बोल’ म्हणतो. एका विभागाने यावर साधा तोडगा काढला आहे. मांडणी हव्या त्या बोलीत करावी, अवतरणं आणि टिपण प्रमाण मराठीत द्यावं. प्रमाण भाषा येणं गरजेचं आहे आणि ती तपासलीही जाते, पण विचाराच्या वाटेत ती आडवी येत नाही.

विकतचं आणि फुकटचं उत्तर

मराठी विभागातली तयार सादरीकरणं आधी झेरॉक्सच्या दुकानात मिळत, मग पेनड्राइव्हवरून फिरली, आता मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिनिटात मिळतात. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’ एवढं टाइप केलं की दहा स्लाइड तयार. शिक्षक हैराण आहेत आणि बंदीची भाषा करतात. पण सगळ्या वर्षांना आणि सगळ्या मुलांना चालणारं उत्तर ज्या विषयाला पुरतं, तो विषयच तसा दिलेला असतो. आजी सासूच्या ओव्या का म्हणत नव्हती, वडशाच्या नाटकात पहाटे कोणता प्रवेश पुढे आला, ‘कोसला’तल्या पैशांच्या उल्लेखांचा क्रम काय लागतो, याचं तयार उत्तर कुठेच नाही. आणि मांडणीनंतरच्या पाच मिनिटांत पुस्तक उघडून ‘हे पान वाच, तुझं म्हणणं इथे टिकतं का सांग’ असं विचारलं की कोणी वाचलं आहे ते लगेच कळतं.

वेळ कुठून आणायचा?

शिक्षकांची अडचण खरी आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकी दहा मिनिटं मांडणी आणि पाच मिनिटं प्रश्न धरले, तर ९०० मिनिटं, म्हणजे पंधरा तास होतात. ४ श्रेयांकांच्या विषयाला साठ तासिका असतात. चौथा हिस्सा सादरीकरणात गेला तर शिकवायचं कधी? त्यात अनेक विभाग सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. त्यांना शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात; विषयावर मुलाशी घातलेल्या अर्ध्या तासाचे मिळत नाहीत. पूर्णवेळ जागा भरल्याशिवाय ही दुखणी पूर्ण बरी होणार नाहीत, आणि ती मागणी साहित्य शिकवण्याच्या गुणवत्तेचीच मागणी आहे.

तोवर आहे त्या वेळात काय जमतं, हेही काही विभागांनी दाखवलं आहे. एका सत्रात चार विषय असतील तर प्रत्येक विद्यार्थी त्यांपैकी एकाच विषयात सादरीकरण करतो, उरलेल्यांत लेखी काम. मग एका विषयाच्या वाट्याला पंधराच मुलं येतात आणि पावणेचार तासांत काम होतं. आणखी एका ठिकाणी ३० गुणांची वाटणी बदलली : ६ गुण विषयाच्या टिपणाला, ८ वाचनाला, १० मांडणीला, ६ प्रश्नोत्तरांना. टिपण एका पानाचं. त्यात आधी कोणता विषय मनात होता, तो का सोडला आणि हा का धरला, एवढंच लिहायचं. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, “मला सगळ्यात जास्त कळतं ते सोडलेल्या विषयांवरून. तिथे मूल विचार करताना दिसतं.”

या कामाचा परिणाम एका वर्गापुरता राहत नाही. औरंगाबादला १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक तिथे शिकवत होते, आणि पुढे त्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. आपलं जगणं हाही साहित्याचा विषय आहे, हे त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट न बघता ठरवलं. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आलं तेव्हा ते कोणाच्याही सेमिनारच्या यादीत नव्हतं. आज ते आहे, कारण कोणीतरी ते आधी स्वतःहून निवडून वाचलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांना विचारा. विषय ठरवायला दोन आठवडे द्या. ग्रंथालयातली कपाटं त्यांच्यासाठी उघडा आणि त्यांना स्वतः पुस्तकं हाताळू द्या. निवडीच्या टिपणाला गुण द्या. आणि वर्षाअखेरी त्या विषयांची यादी विभागाच्या नियतकालिकात छापा, म्हणजे पुढच्या वर्गाला कळेल की मराठी साहित्य किती ठिकाणी पसरलेलं आहे. पदवी मिळाल्यावर अभ्यासक्रम संपतो आणि पुढचं पुस्तक कोणतं, हे माणसाला आयुष्यभर एकट्यानेच ठरवावं लागतं. ते ठरवायला शिकवण्यासाठी महाविद्यालयाकडे जेमतेम तीन-चार वर्षं असतात.